रॉकेटचं इंजिन आणि तुझा जुना पंप

अंबड, नाशिक
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

परवा वहिनींनी फोनवर विचारलं, "भाऊजी, तुम्ही आता रॉकेट बनवायला लागलात म्हणे?" सविस्तर कळवतो, एवढंच मी म्हणालो. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. तुझ्याकडे छाटणीची माणसं आलेली, मागे ट्रॅक्टर सुरू, आणि मला तर सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. म्हणून आज शटर अर्धं ओढून, मशीनं बंद करून लिहायला बसलोय.

अख्खं रॉकेट नाही रे, त्याच्या इंजिनातली एक चकती माझ्याकडे आहे. तळहाताएवढी, स्टेनलेस स्टीलची. तिला अठ्ठेचाळीस भोकं, प्रत्येक ०.६ मिलिमीटरचं, सगळी तिरकी, जोडीजोडीनं एकमेकांकडे झुकलेली. जोडीतल्या एका भोकातून इंधन येतं, दुसऱ्यातून द्रवरूप ऑक्सिजन. चकतीतून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर दोन्ही धारा एकमेकींवर आदळतात, फुटून पंख्यासारख्या पसरतात आणि तिथेच जळतात. हिला इंजेक्टर म्हणतात. एका नव्या कंपनीला छोट्या इंजिनाच्या चाचणीसाठी अशा सहा चकत्या हव्या होत्या. ओळखीतून काम माझ्याकडे आलं. पैशाच्या हिशेबानं बघशील तर व्हॉल्व्हच्या नेहमीच्या जॉबमध्ये यापेक्षा जास्त सुटतात. पण मी हे काम दोन्ही हातांनी घेतलं.

हे तुला जितकं लवकर कळेल तितकं इथल्या माझ्या शेजारच्या शेडवाल्यांनाही कळत नाही, कारण फवारा म्हणजे काय हे तू जाणतोस. द्राक्षांवर डाऊनी रोग पडतो त्या दिवसांत तू फवारणीच्या ब्लोअरचं एकेक नोझल काढून बघतोस, चकती झिजली की थेंब मोठा पडतो, पानावरून ओघळतो आणि औषध जमिनीत जातं, हे मला तूच दाखवलंस. एक नोझल तुंबलं तर त्या पट्ट्यातली पानं कोरडी राहतात आणि आठ दिवसांनी रोग बरोबर तिथेच दिसतो. इंजिनातही तेच, फक्त आठ दिवस मिळत नाहीत. ऑक्सिजनची एक धार वाकडी होऊन भिंतीवर गेली की आतल्या तीन हजार अंशांच्या ज्वाळेत ती भिंत तिथेच जळायला लागते. डोळा मिटायच्या आत आरपार भोक.

आता मोठ्या इंजिनाचा आवाका सांगतो. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात विकास नावाचं इंजिन असतं. चाळीस टनांहून जास्त इंधन ते अडीच मिनिटांच्या आत संपवतं, म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेतीनशे किलो. तुझ्या ब्लोअरची सहाशे लिटरची टाकी त्याला लावली तर अडीच सेकंदांत रिकामी होईल. आणि हे सगळं ढकलायचं कशात, तर जिथे आधीच ५८ बार, तुझ्या भाषेत साठेक किलो, दाब आहे अशा कोठीत. मग पंपाला त्याहून जास्त दाब द्यावा लागणार. टाक्याच तेवढ्या दाबाच्या करायच्या म्हटलं तर भिंती इतक्या जाड होतील की रॉकेट जागचं हलणार नाही. म्हणून टाक्या पातळ ठेवतात आणि सगळा भार टर्बोपंपावर टाकतात. तो पंप फिरवायलाही त्याच इंधनातला थोडा भाग वेगळा जाळतात आणि त्या गॅसवर टर्बाइन फिरवतात. विकासमध्ये तर तो गॅस टर्बाइनला सोसेल इतका थंड करायला पाणी सोडतात. आगीनं फिरणारा पंप, त्यात पाणी, आणि त्याच्या जिवावर उपग्रह वर जातो. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

या विकासची जन्मकथा तुला सांगायलाच हवी. १९७४ साली इस्रोचा फ्रान्सच्या एसईपी या कंपनीशी करार झाला. त्यांच्याकडे वायकिंग नावाचं इंजिन आकाराला येत होतं. आपल्याकडे द्यायला पैसा नव्हता, म्हणून ठरलं की आपले इंजिनिअर तिकडे जाऊन शंभर मनुष्यवर्षांचं काम करून देतील आणि त्या बदल्यात इंजिनाचं ज्ञान मिळेल. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली आपली माणसं व्हर्नोन गावी राहिली, ड्रॉइंगं तपासली, चाचण्यांना उभी राहिली, शिकून परत आली. १९८५ साली आपण घडवलेल्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. करारापासून अकरा वर्षं! मधल्या काळात दाखवायला काय होतं? त्याच नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपात अटक झाली, आणि नुकसानभरपाईचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०१८ उजाडलं. हे आठवलं की माझ्या पोटात अजून कालवतं.

ही इंजिनं आपल्या मुंबईत, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडतात, हे तुला माहीत होतं का? मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. बाबा ओझरला विमान कारखान्यात फिटर होते, मिग उडताना बघायला आपण दोघं सायकलवर जायचो, पण रॉकेट म्हणजे कुठेतरी दक्षिणेत समुद्रकाठी, असंच डोक्यात बसलेलं.

आता माझ्या चुकीबद्दल. सहा चकत्या केल्या, मोजल्या, सगळ्या भोकांत गेज, म्हणजे मापाची सळई, बरोबर बसलं. मी छाती फुगवून पाठवल्या. दहा दिवसांनी तीन परत आल्या, सोबत पाण्याच्या चाचणीचे फोटो. एकवीस जोड्यांचे पंखे सरळ आणि तीन जोड्यांचे कलंडलेले. एका फोटोत तर धारा एकमेकींना चाटून पुढे निघून गेलेल्या. त्यांच्या तरुण इंजिनिअरनं फार शांतपणे लिहिलं होतं, "सर, व्यास बरोबर आहे, कडा तपासा."

मी दहा पट भिंगाखाली बघितलं. भोकाच्या बाहेरच्या तोंडाशी एका बाजूला धातूची कुसळासारखी कोर उभी होती. हिलाच बर म्हणतात. केसाच्या निम्म्याहून कमी जाडीची. ड्रिल तिरकं बाहेर पडताना शेवटचा पापुद्रा कापत नाही, ढकलतं, आणि तो तिथेच उभा राहतो. गेज आत बिनबोभाट जातं, पण पाणी त्या कुसळाला घासून वळतं.

बाबांना दाखवलं. ऐंशी वर्षांचे आहेत, नजर कमी झालीये. काही न बोलता उठले आणि देवघरात गेले. आईनं वळून ठेवलेल्या फुलवातीतला कापूस थोडा पिंजून आणला आणि चकतीवरून अलगद फिरवला. जिथे जिथे बर होती तिथे एकेक पांढरा तंतू अडकून राहिला. अठ्ठेचाळीसपैकी अकरा भोकांवर. मी भिंगातून सात मोजली होती.

मग पद्धतच बदलली. तिरकं भोक पाडायच्या आधी एंडमिल या सपाट कापणाऱ्या हत्यारानं तेवढीच टिकलीएवढी जागा ड्रिलला काटकोनात सपाट करायची, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मागच्या बाजूला पितळेचा तुकडा घट्ट आवळायचा, म्हणजे स्टील संपलं तरी ड्रिलला समोर आधार असतो आणि पापुद्रा उभा राहायला जागाच उरत नाही. प्रत्येक सहा भोकांनी ड्रिल बदलायचं, ते चांगलं दिसत असलं तरी. आणि शेवटी कापूस.

आणि आता तुझ्या पंपाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी तू नवीन घेतलास आणि जुना एचटीपी फवारणी पंप माझ्याकडे टाकून गेलास, आठवतं? "तुझ्या शेडात पडू दे" म्हणालास. मी त्याला मोटार लावली, फिल्टर लावला, दाबाचा काटा नवीन बसवला. चकती एका फ्लँजमध्ये आवळून उभी करतो आणि दहा किलो दाबानं पाणी सोडतो. मागे काळं कापड, बाजूनं टॉर्च. चोवीस पंखे एका वेळी उघडतात. पहिल्यांदा सगळे सरळ उघडले तेव्हा शेडातली दोन्ही पोरं नुसती बघत राहिली. तुझ्या बागेत सकाळी ब्लोअर चालू होताना उन्हात दिसतं तसं ते धुकं, पण मोजून मापून, प्रत्येक पंखा आपापल्या जागी.

या विषयाचं मला वेड लागलंय असं घरचे म्हणतात, आणि खरंच आहे. अमेरिकेनं चंद्रावर माणूस नेला त्या रॉकेटच्या खाली एफ-१ नावाची पाच इंजिनं होती, एकेकाचा रेटा जवळपास सातशे टन. तीही याच फवाऱ्यापाशी अडली. जळताना आत दाबाच्या लाटा उठायच्या, कोठीच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटायच्या, आणि इंजिन फुटायचं. नुसतं गणित करून कुणाला ते सुटेना. शेवटी त्यांनी चालू इंजिनात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडले आणि उठलेली लाट आपोआप किती लवकर शमते ते बघितलं. इंजेक्टरच्या तोंडावर तांब्याचे आडवे-उभे पडदे बसवून कप्पे केले, भोकांची मापं आणि कोन बदलले, पुन्हा बॉम्ब. पूर्ण आकाराच्या जवळपास दोन हजार चाचण्या केल्या. मित्रा, भोकाचा कोन! माझ्यासमोर टेबलावर पडलेली गोष्ट!

आपलं क्रायोजेनिकचं, म्हणजे अतिथंड इंधनाच्या इंजिनाचं काम मला याहूनही मोठं वाटतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संस्थेशी करार झाला, अमेरिकेनं निर्बंध घातले, १९९३ मध्ये रशियानं ज्ञान द्यायला नकार दिला आणि फक्त तयार इंजिनं विकली. उणे २५३ अंशांवरचा हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांवरचा ऑक्सिजन, एकाच यंत्रात ज्वाळेच्या शेजारी. १५ एप्रिल २०१० ला आपलं स्वतःचं इंजिन पहिल्यांदा उडालं. हायड्रोजनचा बूस्टर पंप मिनिटाला ३४,८०० फेऱ्यांपर्यंत गेला आणि लगेचच मंदावून थांबला. रॉकेट बंगालच्या उपसागरात. कारण शोधताना बोट गेलं एका सीलजवळ काहीतरी घट्ट धरल्याच्या किंवा टर्बाइनचं आवरण फुटल्याच्या शक्यतेवर. त्या थंडीत प्रत्येक धातू वेगवेगळा आक्रसतो, आणि इथे शेडात जुळवलेली फट तिथे तेवढी राहत नाही. त्यानंतर पुन्हा डिझाइन, पुन्हा जमिनीवर चाचण्या. ऑगस्ट २०१३ मध्ये उड्डाणाला सव्वा तास उरला असताना दुसऱ्या टप्प्यात इंधनाची गळती दिसली आणि त्यांनी उलटी गिनती थांबवली. सगळा देश टीव्हीसमोर असताना थांबवणं, याला मी धैर्य म्हणतो. ५ जानेवारी २०१४ ला ते इंजिन पूर्ण वेळ चाललं. आपल्याकडे चांद्रयानाचं कौतुक होतं, व्हायलाच हवं, पण माझ्या मते पेढे त्या दिवशी वाटायला हवे होते.

काम अजून सुरूच आहे. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूत महेंद्रगिरीला रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालणाऱ्या, दोनशे टन रेट्याच्या नव्या इंजिनाची पहिली गरम चाचणी झाली. इंजिन पूर्ण नव्हतंच, जळणाची मोठी कोठी न लावता फक्त पंप आणि त्यांना फिरवणारा भाग. चालवला किती वेळ? अडीच सेकंद. १६ मार्च १९२६ ला अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्ड यांचं जगातलं पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट मॅसॅच्युसेट्सच्या एका शेतात उडालं तेही अडीच सेकंदच, आणि गेलं जेमतेम चार मजले उंच.

तुझा मुलगा मागे म्हणाला होता की आता अख्खं इंजिन थ्रीडी प्रिंट होतं, मग काका ड्रिल कशाला मारतात? बरोबर विचारलं त्यानं. चेन्नईच्या अग्निकुलनं ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहून एकाच तुकड्यात छापलेल्या इंजिनावर रॉकेट उडवलं. मला आधी धास्ती वाटली होती. पण छापलेल्या धातूचा पृष्ठभाग खरखरीत असतो, जिथे सील बसणार तो चेहरा मशीनवर घ्यावाच लागतो, आतल्या बारीक वाटांत चिकटलेली पावडर काढावी लागते आणि तिथेही पाण्याची चाचणी चुकत नाही. त्याला सांग, सुट्टीत ये. भिंग आणि कापूस दोन्ही हातात देतो.

नवीन सहा चकत्या मंगळवारी गेल्या. पाणी त्यांनीही सोडून बघितलं, चोवीसच्या चोवीस सरळ. आता खरी आग लावायची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. बघायला बोलावलंय, मी जाणार. बाबाही येतो म्हणतात. आई त्यांना एवढा प्रवास करू देणार नाही, पण ते दोन दिवसांपासून बूट पॉलिश करून बसलेत.

तू त्याआधी एकदा येऊन जा. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते जागोजागी खणलेत, म्हणून गरवारे पॉइंटकडून ये, तिथून सोपं पडेल. आणि येताना पिंपळगावातल्या तुझ्या त्या दुकानातून एचटीपीचे पिस्टन वॉशर आण, तीन नग. एक कालपासून गळतंय, काटा दहावर थांबत नाही, साडेनऊला येऊन थरथरतो.

तुझाच