फॉरमॅट मारण्याआधी निदान करा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेली बावीस वर्षे मी डीटीपीचे काम करते. माझे निम्मे काम आजही एका जुन्या डेस्कटॉपवर चालते. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली शेकडो पुस्तके त्यातल्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात आणि मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीला) डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी डबी, लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही. आताच्या बहुतेक कॉम्प्युटरना तो पोर्टच नसतो. मशीनला नेट मी कधीच काढून टाकले आहे, त्यामुळे जुन्या विंडोज एक्सपीवर ते बिनघोर चालत होते.

मध्यंतरी ते आपोआप रीस्टार्ट होऊ लागले. पान लावता लावता पडदा काळा, आणि पुन्हा सुरुवातीचा तो एक बीप. पहिल्या दिवशी चार वेळा झाले. मी दुरुस्तीसाठी माणूस बोलावला. त्याने झाकण न उघडताच सांगितले, "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल. तरी नाहीच झालं तर मदरबोर्ड गेला समजा." त्याने सीडी ड्राइव्हमध्ये घातलीसुद्धा होती. मी त्याचा हात धरला. फॉरमॅट झाला असता, तर त्या डिस्कवरचे वीस वर्षांचे काम गेले असते, आणि दोष मात्र तिथेच राहिला असता. हे पत्र लिहायचे कारण तेवढेच आहे.

मी आधी डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या मशीनला जोडली आणि सगळ्या फाइली उतरवून घेतल्या. चालू डिस्कची वीज पुन्हा पुन्हा अशी अचानक तुटली की लिहिली जात असलेली फाइल बिघडते, म्हणून बाकी सगळे यानंतर. मग डिस्क परत लावली आणि मशीन सुरू करून बायोसच्या, म्हणजे बोर्डातच असलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामच्या, सेटअपमध्ये जाऊन नुसते ठेवून दिले. त्या निळ्या पडद्यावर विंडोज लोडच झालेले नसते. अकराव्या मिनिटाला मशीन तिथेही रीस्टार्ट झाले. विंडोज त्या क्षणी निर्दोष ठरले. या तपासणीला काहीही लागत नाही. फॉरमॅटचे नाव काढणाऱ्या प्रत्येकाने ती आधी करावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

बायोसमध्ये मशीन तासभर टिकले आणि विंडोजमध्येच पडू लागले, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे मेमरी, ड्रायव्हर, डिस्क असे बरेच काही तपासावे लागते. एक्सपीत गंभीर चूक झाली की मशीन आपोआप रीस्टार्ट व्हावे अशी सोय मुळातच चालू असते. त्यामुळे अशा वेळी विंडोज जो निळा पडदा दाखवते, त्यावरचा त्या चुकीचा क्रमांक (कोड) वाचायलाच मिळत नाही. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्डखाली, स्टार्टअप अँड रिकव्हरीत ती खूण काढून टाकली की पडदा थांबतो आणि कोड लिहून घेता येतो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला होता. तो साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून मशीन बंद करायचा. 'रीस्टार्ट म्हणजे व्हायरस, व्हायरस म्हणजे फॉरमॅट' ही सवय तेव्हापासूनच लागली असावी, असे मला वाटते.

मी एक वही केली. मशीन कधी सुरू केले, कधी पडले, तेव्हा काय चालले होते, एवढेच लिहायचे. आठवड्याने वही वाचली तेव्हा गोष्ट स्पष्ट झाली. सकाळी ९.१० ला सुरू, ९.१३ ला पडले, ९.२१ ला, ९.४० ला, त्यानंतर दुपारपर्यंत एकदाही नाही. रोज तेच. प्रोसेसर तापून मशीन बंद पडत असते, तर नेमके उलटे दिसले असते. सकाळी व्यवस्थित आणि पंधरा-वीस मिनिटांनी त्रास सुरू, पुन्हा लावले की आणखी लवकर. अशा वेळी हीटसिंकमधली (प्रोसेसरवरच्या उष्णता काढणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) धूळ आणि त्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट पाहावी. माझे मशीन थंड असताना पडत होते आणि गरम झाले की सुधारत होते.

तरी सोप्या गोष्टी आधी केल्या. रीसेटचे बटण मध्येमध्ये आत अडकत असेल तरी मशीन असेच वागू शकते, म्हणून त्याची दोन पिनांची वायर बोर्डवरून काढून पाहिली. मेमरीच्या पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने पुसले. मल्टीमीटर लावला, तर बारा व्होल्टच्या पिवळ्या वायरवर ११.९ आणि पाच व्होल्टच्या लाल वायरवर ५.०२ व्होल्ट आले. पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे बारासाठी ११.४ ते १२.६. पण क्षणभर पडणारा खड्डा मल्टीमीटर दाखवत नाही, म्हणून दुसरा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) लावून पाहिला. सकाळी पुन्हा तेच.

मग टॉर्च घेऊन बोर्ड पाहिला. प्रोसेसरच्या शेजारी कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची, ओळ असते. जुने मेकॅनिक त्यांना कंडेन्सर म्हणतात. पाचांपैकी दोघांचे डोके सपाट होते. तिघांचे फुगून वर आले होते आणि एकाच्या डोक्यावरच्या फुलीसारख्या खाचेतून तपकिरी खपली बाहेर आली होती. बारा व्होल्टमधून प्रोसेसरला लागणारा दीड व्होल्टच्या आसपासचा पुरवठा तिथे तयार होतो आणि हे कपॅसिटर त्याला स्थिर ठेवतात. आतला द्रव सुकला की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, थंडीत आणखी वाढतो, व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि मशीन रीसेट होते. वहीतल्या सकाळच्या वेळांचा अर्थ तिथे लागला. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसवले गेले होते. त्या वयाचे मशीन ज्यांच्याकडे असेल, त्यांनी झाकण उघडून ही डोकी एकदा जरूर पाहावीत.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी पाचही बदलून दिले: तेच १५०० मायक्रोफॅरड, तेच ६.३ व्होल्ट, १०५ अंशांचे, कमी अंतर्गत रोधाचे. काढण्याआधी त्यांनी प्रत्येकाची ऋण पट्टी कोणत्या बाजूला आहे ते कागदावर काढून घेतले, कारण काही बोर्डांवर छापलेली खूण उलटी असते आणि उलटा बसवलेला कपॅसिटर फुटतो. एसएमपीएसचा डबा मात्र त्यांनी मला उघडू दिला नाही. प्लग काढल्यावरही त्यातले मोठे कपॅसिटर भारलेले राहू शकतात. वाचकांनीही तो उघडू नये.

त्याला आता सात महिने झाले. वही मी अजून ठेवली आहे. त्या दिवसानंतर तिच्यात एकही नोंद नाही. आपल्या पुरवणीत नव्या मशीनची ओळख दर आठवड्याला येते. दुरुस्तीसाठीही कधी पाव पान द्यावे. पहिल्या लेखासाठी त्या तीन फुगलेल्या कपॅसिटरचा फोटो मी पाठवीन. ते मी काचेच्या बाटलीत जपून ठेवले आहेत.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक