राणी रंगाचं पातळ

ग्लासगो,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या गुडघ्याला उतार पडला आहे, हे ताईने कळवलं. जीव भांड्यात पडला. त्यांना सांग, सकाळी फिरायला जाताना गुडघ्याचा पट्टा विसरायचा नाही.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "काहून गं, दोन महिन्यांपासून तोच कोट घालून राहिली? पैशाची काही ओढाताण आहे का?" तेव्हा मागे कुकर शिट्ट्या देत होता, लेक दारात बॅग घेऊन उभा होता, आणि मी नुसतं "नाही गं" म्हणून फोन ठेवला. पण त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं आहे, म्हणून आज बसले. बाहेर चारलाच अंधार पडला आहे.

पैशाची ओढाताण नाही, आई. तो कोट मला आवडतो म्हणून मी रोज घालते. एवढं साधं कारण धरून मी आजवर क्वचितच काही घातलं, हे मला या दिवाळीत कळलं.

इथल्या मराठी मंडळींचा फराळाचा कार्यक्रम होता. मी कपाट उघडून अर्धा तास उभी राहिले. शेवटी सगळं काढून पलंगावर टाकलं. ऑफिसच्या काळ्या पँटी निघाल्या सात. इथे हिवाळ्यात जो तो काळं घालतो, मीही अकरा वर्षं तेच घातलं, कारण काळ्यात कुणी आपल्याकडे वळून बघत नाही. सेलमधून अर्ध्या किमतीत आणलेले दोन झगे, एकदाही न घातलेले. वजन उतरलं की घालीन म्हणून ठेवलेली जीन्स, तिची चिठ्ठीसुद्धा तशीच. तुम्ही दर वेळी दिलेल्या साड्या, ज्यांचे ब्लाउज आता दंडात अडकतात. एकेक कपडा कुणासाठी घेतला ते मला आठवत होतं. हा साहेबांसाठी, हा लग्नातल्या फोटोंसाठी, हा त्या बाईसाठी जी मी पुढच्या वर्षी होणार होते.

मग मी धुण्याची टोपली ओतली. त्यात जे होतं तेच मी खरोखर घालत होते. नंतर महिनाभर वहीत रोज लिहून ठेवलं, काय घातलं आणि दिवसभर ते अंगावर कसं वाटलं. महिन्याच्या शेवटी मोजले तर कपडे अकरा. अकराच. आणि त्या अकरांचा एकमेकांशी इतका मेळ होता की मी वही बंद करून बसून राहिले. अंगाला एकच रंग, तोही मातीचा, राखेचा किंवा गर्द निळा. रंग खेळला असेल तर फक्त कडेला. बाही पूर्ण. खिसा हवाच. आणि कापड असं की डोळे मिटून हात फिरवला तरी त्याचं पोत ओळखू यावं.

हे मी कुठे पाहिलं होतं? तुझ्या अंगावर, आई.

सकाळी सव्वासहाला तू शाळेत निघायचीस तेव्हाचं तुझं नागपुरी पातळ मला अजून ऐकू येतं. भाताच्या पेजेची खळ दिलेलं सुती पातळ चालताना कसं करकरायचं! अंग राखाडी किंवा मेंदी, आणि दोन बोटांचा रेशमी काठ. गोळीबार चौकाकडून तो विणकर सायकलवर गाठोडं बांधून यायचा, तू ओसरीत बसून पदर उलटा करून पाहायचीस. मी विचारलं होतं, उलटा का बघतेस? तू म्हणालीस, सुलट बाजू तर सगळेच चांगली दाखवतात. तुझी सहा पातळं होती. सहा पातळांवर तू एवढी वर्षं शाळा केलीस, आणि मला तू कधी गबाळी दिसली नाहीस. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून हात ओले असतानासुद्धा नाही.

दिवाळीला आपल्याकडे गांधीबागेतून एक ठाण यायचं आणि ताईचा, माझा, काकूच्या मुलींचा, सगळ्यांचे फ्रॉक एकाच कापडाचे शिवले जायचे. त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं. पुढे हातात पैसा आला तेव्हा मी सगळ्यांहून वेगळं दिसेल ते घेत सुटले. वेगळं असलं की ते आपलं असतं, असा माझा समज होता.

एक गोष्ट तुला कधी विचारली नाही, ती पत्रात विचारते. गेल्या वर्षापासून मला अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. बाहेर चार अंश असले तरी मानेवर घाम. डॉक्टर म्हणाल्या, पाळी जाण्याच्या आधीची ही वर्षं आहेत, चाळिशीत सुरू होतात आणि काही वर्षं चालतात. मी तेव्हा अंगात मऊ मऊ प्लॅस्टिकच्या धाग्याचे स्वेटर घालत होते, ते अंगाला चिकटायचे, घाम आतच राहायचा. आता आत तलम सुती, वर लोकर, आणि सगळं पुढून उघडणारं, म्हणजे क्षणात काढता येतं. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, हे मला इथे येऊन कळलं. तर माझ्या या नव्या कपड्यांचं निम्मं कारण माझं शरीर आहे. ते बदललं, आणि त्याला काय हवं ते मी पहिल्यांदा विचारलं. तुझ्या वेळी काय झालं गं? मला आठवतं, माझ्या दहावीच्या सुमारास तू रात्री उठून ओला पदर मानेवर घेऊन अंगणात बसायचीस. आम्ही समजायचो, उकडतंय. तेव्हा तू कुणाशी बोललीस का?

आता त्या कोटाची हकीकत. इथे जुने कपडे विकून पैसे धर्मादाय कामाला देणारी दुकानं असतात. तिथे तो मला ३२ पौंडांना मिळाला. आतल्या बाजूला गोळ्यावर क्रूस अशी खूण असलेली चिठ्ठी आहे, म्हणजे हॅरिस ट्वीड. या कापडाचा १९९३ चा कायदाच आहे. लोकर शुद्ध हवी, ती स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड तिथल्या लोकांनी आपापल्या घरात हातमागावर विणलेलं हवं. लांबून तपकिरी दिसतं, जवळून पाहिलं तर त्यात शेवाळी, जांभळा, गंजाचा, असे रंग असतात, कारण लोकर कातण्याआधीच रंगवून मिसळतात. इथला पाऊस आडवा येतो, छत्री उलटी होते. या कोटात मी तशीच चालत जाते. मुंढा मोठा आहे, आत कुर्ता आणि स्वेटर दोन्ही मावतात. दोन मोठे खिसे बाहेर, एक आत.

खांदे मात्र उतरत होते. पोलोकशील्ड्स भागात अल्बर्ट ड्राइव्हवर एक मास्टरजी आहेत, मूळचे फैसलाबादचे, सत्तरीचे असतील. त्यांनी कोट घालायला लावला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं की कंबर, लांबी, बाही हे सगळं आत-बाहेर करता येतं, पण खांद्याची शिवण हाडावर बसली नाही तर कपडा आपला होत नाही, आणि खांदा दुरुस्त करायला अर्धा कोट उसवावा लागतो. मी म्हटलं, उसवा. दहा दिवस घेतले त्यांनी. परत घातला तेव्हा माझी पाठ आपोआप सरळ झाली. पुढच्या वेळी नवीन काही घेताना तू आणि ताईसुद्धा आधी खांदा बघा.

जुलैमध्ये मी आणि ऑफिसातली एक मैत्रीण पेझलीला गेलो होतो. ग्लासगोपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर गाव आहे. आपण जिला कोयरी म्हणतो, तिला सगळं इंग्रजी जग या गावाच्या नावाने ओळखतं! काश्मिरी शाली इकडे आल्या, श्रीमंत बायकांना हव्याशा झाल्या, पण एकेक शाल विणायला वर्ष-वर्ष जायचं. मग १८०५ च्या सुमारास या गावातल्या विणकरांनी त्यांची नक्कल विणायला घेतली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं गावाने त्यावरच पोट भरलं. व्हिक्टोरिया राणीनेही त्या शाली घेतल्या. तीच राणी, जिच्या सम्राज्ञीपदाच्या दिवशी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांनी आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. नागपुरात मिल सुरू होत होती त्याच दशकात इकडे बायकांच्या घागऱ्यांचा घाट बदलला, मागे फुगवटा आला, त्यावर शाल नीट बसेना, आणि पेझलीचे माग थंडावले. एका फॅशनने एवढ्या माणसांचं काम गेलं. आपल्या मिलच्या जागी आज मॉल आहे, शेजारच्या आजोबांची उभी हयात तिथे गेली, ते मला त्या विणकरांच्या घरात उभं असताना फार आठवले.

आम्ही गेलो तो दिवस नेमका जुलैचा पहिला शनिवार, तिथल्या विणकरांचा सण. त्या शालीत एक बारीक बाणा असायचा, 'स्मा शॉट' म्हणायचे त्याला, म्हणजे छोटा फेरा. सगळे रंगीत धागे तो बांधून ठेवायचा, स्वतः मात्र दिसायचा नाही. दिसत नाही म्हणून मालक त्याची मजुरी देत नसत. विणकर भांडले आणि १८५६ मध्ये ती मजुरी त्यांनी मिळवली. तो दिवस अजून ढोल वाजवून मिरवणुकीने साजरा करतात. मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला तू दिसत होतीस, शाळेतून येऊन गल्लीतल्या साड्यांना फॉल लावणारी. फॉल आतून असतो, दिसत कुठे, म्हणून दोन रुपये कमी हातावर ठेवणाऱ्या बायका होत्या. तू काही बोलत नसायचीस. टाके मात्र तेवढेच बारीक घालायचीस.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते लिहिते.

तुझं सातवं पातळ होतं, राणी रंगाचं, पिवळ्या काठाचं. काकूच्या मोठ्या मुलीच्या लग्नात तू ते नेसली होतीस. तू तेव्हा बेचाळीसची असशील, आत्ता माझं वय आहे त्याहून एका वर्षाने लहान. बायकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "आता पोरी लग्नाच्या झाल्या, अन् तू काय राणी रंग नेसून राहिली?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. घरी येऊन तू ते घडी करून पेटीत ठेवलंस, आणि त्यानंतर मी ते तुझ्या अंगावर पाहिलं नाही. त्यानंतर तू फक्त फिकट नेसलीस. मी पंधरा वर्षांची होते, मला वाटलं वय झालं की असंच करायचं असतं. आई, ते बोलणं अगदी चुकीचं होतं. त्या लग्नात तुझ्याइतकं देखणं कुणी नव्हतं, आणि ते मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं.

माझ्या कपाटातला उजळ रंग मी काढून टाकलेला नाही. काठाला, ओढणीला, अस्तराला ठेवला आहे. मास्टरजींनी कोटाचं अस्तर बदललं तेव्हा मी त्यांना राणी रंगाचंच कापड दिलं. फोनवर तुला ते दिसलं नाही.

मी १० जानेवारीला पोचते आहे. तोवर दोन कामं कर. ताईला सोबत घेऊन राखाडी, मेंदी, जमलं तर गर्द निळं, असं तीन-तीन मीटर हातमागाचं सुती घेऊन ठेव, कुर्त्यांसाठी. घेताना उलटी बाजू बघशीलच. करवतकाठी टसरची ओढणी आपण मिळून घेऊ, तिला रंग दिलेला नको, कोसा जंगलातून जसा येतो त्या मधाळ रंगाचीच हवी. धर्मादाय दुकानात मी दोन पोती कपडे देऊन आले आहे, त्यामुळे बॅगेत जागा भरपूर आहे.

दुसरं काम तुझं एकटीचं. पेटीतलं ते राणी रंगाचं पातळ बाहेर काढ. मला द्यायला नाही, कापून कुर्ता करायला तर मुळीच नाही. ते नेसून तू सोनेगावला विमानतळावर ये. ब्लाउज होणार नाही, तो नवीन शिवून घे, खांदा बघून. इतक्या वर्षांच्या घड्या आहेत, तिथे काठाचं रेशीम विरलं असेल, म्हणून एकदम झटकू नकोस. हळूच उलगड, आणि दोन दिवस मागच्या ओसरीत सावलीला टाक, उन्हात नको.

तुझी,
धाकटी