पंट कोण झेलणार?

ओहायो,
गुरुवार, रात्र

प्रिय मित्रा,

तू परवा फोनवर विचारलंस, "तिकडं गणित शिकवायला गेलास ना, मग रोज संध्याकाळी मैदानावर काय करतोस?" मागं पोरांचा गलका होता, नीट सांगता आलं नाही. म्हणून आज बसून लिहितोय. विषय तुझ्याच जिव्हाळ्याचा आहे: उंच उडालेल्या चेंडूखाली कोणाला उभं करायचं.

आमचं कॉलेज लहान. डिव्हिजन थ्री नावाच्या गटातलं, जिथं खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पोरं फी भरून शिकतात, दुपारी प्रयोगशाळेतून धावत सुटतात आणि साडेचारला हेल्मेट घालून मैदानावर हजर होतात. शंभरेक पोरं आहेत अमेरिकन फुटबॉलच्या संघात. मागच्या वर्षी या संघानं दोन सामने एकाच चुकीपायी घालवले. पंट झेलताना चेंडू हातातून सुटला, आणि दोन्ही वेळा झेलणारा पोरगा वेगळा होता. ऑगस्टच्या सुरुवातीला स्पेशल टीम्सचे, म्हणजे लाथेनं मारायच्या चेंडूंचे डाव बघणारे, कोच माझ्याकडं आले, हातात स्टॉपवॉच आणि वही दिली आणि म्हणाले, यंदा मला डोळ्यांवर विसंबायचं नाही, तुम्ही प्रत्येक चेंडूची नोंद ठेवा. तेव्हापासून मी तिथं आहे.

आधी पंट म्हणजे काय ते सांगतो. चार संधींत दहा यार्ड पुढं सरकायचं, हा या खेळाचा मूळ हिशोब. तीन संधी वाया गेल्या की चौथीला बहुतेक संघ जोखीम घेत नाहीत. पंधरा यार्ड मागं उभा असलेला पंटर चेंडू हातातून सोडतो आणि सणसणीत लाथ घालतो, म्हणजे समोरच्यांना लांबून सुरुवात करावी लागते. चेंडू चाळीसेक यार्ड जातो आणि चार सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त वेळ हवेत राहतो. त्या दुसऱ्या टोकाला एकटा पोरगा उभा असतो. तो पंट रिटर्नर.

आपण मिरजेच्या मैदानावर लाँगऑनला उभे राहायचो तेव्हा चेंडू वर गेला की जगात दुसरं काही उरायचं नाही. इथं तसं नाही. पोरगा वर बघत असतो आणि त्याच वेळी दोन्ही कडांनी गनर नावाचे दोन गडी जिवाच्या आकांतानं त्याच्या रोखानं सुटलेले असतात. चेंडू हाताला लागला त्याच क्षणी खांदा छातीत बसू शकतो. आणि चेंडू खाली येत असतानाच त्याला ठरवायचं असतं. झेलून पळायचं, की डोक्यावर हात हलवून फेअर कॅच मागायचा? तो मागितला की त्याला कोणी धक्का लावू शकत नाही, पण चेंडू तिथंच थांबतो, पुढं पळता येत नाही. की बाजूला होऊन चेंडू जाऊ द्यायचा? झेलताना सुटला तर त्याला मफ म्हणतात. तो सुटलेला चेंडू समोरच्यांनी धरला की चेंडू त्यांचा. इतका वेळ जीव तोडून त्यांना मागं रेटलेलं असतं, ते सगळं पाण्यात.

चेंडू आपल्यासारखा गोल नाही हे तर तुला माहीत आहेच. दोन्हीकडं निमुळता. वरून खाली येताना त्याचं नाक जमिनीकडं वळलं तर तो डोक्यावरून मागं निघून जातो, नाक वरच राहिलं तर अलीकडंच पडतो. जमिनीवर आपटल्यावर कुठं उडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून लवकर ओळखावं लागतं, आणि ओळखायला डोळे पाहिजेत, पाय नंतर.

आमच्याकडं दोघे होते. दहा नंबरचा आणि सव्वीस नंबरचा.

दहा नंबर म्हणजे वीज. चौथ्या वर्षाला आहे, संघाचा सगळ्यात वेगवान गडी. चेंडू घेऊन मोकळ्या जागेत शिरला की समोरचे चौघे जागच्या जागी खिळतात. सराव सामन्यात त्यानं एक पंट आणला, मित्रा, मी स्टॉपवॉच दाबायचंच विसरलो. सव्वीस नंबर दुसऱ्या वर्षाचा, शेतकऱ्याच्या घरचा, बचाव फळीत मागं खेळतो. शाळेत बेसबॉलला मधल्या आउटफिल्डला उभा राहायचा. तो धावतो तेव्हा कोणी मान वळवून बघत नाही.

पहिल्या आठवड्यात माझाही कल दहा नंबरकडंच होता. मग सहा चेंडूंचा सराव झाला.

हा सराव असा: पोरगा पहिला चेंडू झेलतो आणि तो खाली न ठेवता काखेत धरूनच दुसरा झेलतो, मग तिसरा, चौथा, जमले तर सहा. हात भरत जातात तसा झेलायला फक्त पोट, छाती आणि कोपरांमधली जागा उरते. मी सव्वीस नंबरपासून सात-आठ पावलांवर उभा होतो. चौथा चेंडू फेकणाऱ्या यंत्रातून सुटला तेव्हा त्याच्याकडं आधीच तीन होते, एक डाव्या काखेत, एक उजव्या काखेत, एक हनुवटीखाली दाबलेला. तो चेंडूखाली धावत गेला नाही. आधी दोन पावलं मागं सरकला, थांबला, आणि अगदी शेवटी अर्धं पाऊल पुढं आला. कोपरं जवळ घेतली, गुडघे किंचित वाकले, आणि सुपात दाणे पडावेत तसा चेंडू त्याच्या पोटाशी पडला. आवाज झाला नाही. दहा नंबर झेलायचा तेव्हा छातीच्या पॅडवर थाड असा आवाज यायचा. चेंडू आधी पॅडवर आपटायचा आणि मग तो त्याला कवटाळायचा. त्या दोन क्षणांमधली फट मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. चांगल्या हवेत ती फट खपून जाते. ऑक्टोबरच्या पावसात नाही खपायची.

त्या रात्री वही नीट चाळली. झेल सुटण्यात दोघांत फरक होता, पण मला वाटला होता तेवढा नव्हता. खरा फरक दुसऱ्या रकान्यात होता, जो मी कोचना न विचारता आखला होता: निर्णय बरोबर की चूक. इथं जुना नेम आहे. टाचा आपल्या गोलरेषेपासून दहा यार्डांवरच्या रेषेवर ठेवायच्या आणि तिथून मागं हटायचं नाही. चेंडू डोक्यावरून गेला तर जाऊ द्यायचा, तो गोलरेषेपलीकडं गेला की वीस यार्डांवरून आपला डाव सुरू होतो. दहा नंबर मागं हटायचा. प्रत्येक वेळी नाही, पण हटायचा, कारण आपल्या पायांवर त्याचा विश्वास होता आणि चेंडू सोडून देणं त्याला हार वाटायची. सव्वीस नंबर सोडून द्यायचा. शिवाय चेंडू अलीकडं पडतोय असं दिसलं की बेंबीच्या देठापासून "पॉयझन! पॉयझन!" ओरडायचा. बऱ्याच संघांत हीच हाक असते. आपल्याच गड्याच्या पायाला चेंडू लागला तरी तो समोरच्यांना उचलता येतो, म्हणून सगळ्यांनी दूर पळायचं. एवढा अबोल पोरगा, आणि त्या हाकेला मैदान दणाणायचं.

तू म्हणशील, मग प्रश्नच काय उरला? प्रश्न होता, आणि तो कोचनी बरोबर पकडला. त्यांनी मला बिली कॅननची गोष्ट सांगितली. 31 ऑक्टोबर 1959, बॅटन रूजला लुइझियाना स्टेट विरुद्ध ओल मिस, दोन्ही विद्यापीठांचे संघ, आणि कॅनन लुइझियानाचे. शेवटचं सत्र, लुइझियाना 3–0 नं मागं. कोच पॉल डिट्झेल यांचा नियम होता की आपल्या पंधरा यार्डांच्या आतला पंट उचलायचाच नाही. चेंडू उसळला, कॅननना अकरा यार्डांवर मिळाला, आणि त्यांनी तो घेतला. एका मागून एक गडी अंगावरून झटकत 89 यार्ड पळाले. लुइझियाना 7–3 नं जिंकली, आणि कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात ती हाइझमन ट्रॉफीही त्या वर्षी कॅननना मिळाली. कोच म्हणाले, वहीत हा निर्णय तुम्ही चूक म्हणून लिहिला असता.

लिहिला असता, हे खरंच. मी रात्रभर त्यावर विचार केला. सकाळी त्यांना एवढंच म्हणालो की कॅननसारखा गडी आपल्याकडं असता तर मी वही आणलीच नसती. आणि पंट घेऊन पळायला सगळ्यात वेगवान असावं लागतं असंही नाही. टेक्सस टेकचे वेस वेल्कर पाच फूट नऊ इंचांचे, पुढं व्यावसायिक संघांच्या निवडीत त्यांचं नावही पुकारलं गेलं नाही, आणि कॉलेजात पंटवरून आठ टचडाऊन केले, म्हणजे आठ वेळा चेंडू थेट समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडं नेला. ओक्लाहोमाचे अँटोनियो पर्किन्स त्यांच्या बरोबरीला आहेत, त्यांनी तर 2003 साली एकाच सामन्यात तीन केले. वेल्करचं बळ पहिल्या तीन पावलांत होतं, चेंडू हातात येतानाच पुढची वाट दिसण्यात.

पण खात्रीचे हात म्हणून कोणाला घेतलं की काळजी मिटली, असंही मी मानत नाही. 1 जानेवारी 2024 ची रोज बोल, म्हणजे कॉलेज अजिंक्यपदाचा उपांत्य सामना, मी घरी टीव्हीवर बघत होतो, मिशिगन विरुद्ध अलाबामा. मिशिगनच्या पहिल्या वर्षाच्या सेमाज मॉर्गनच्या हातून सुरुवातीलाच पंट सुटला आणि त्यातून अलाबामानं टचडाऊन केला. पुढं जेक थॉ आला, भरवशाचा म्हणून नावाजलेला. सामना 20–20, एका मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला, आणि आपल्या गोलरेषेच्या अगदी जवळ त्याच्याही हातून चेंडू सुटला. त्यानं कसाबसा परत धरला आणि एक यार्डावर पडला. आणखी थोडा मागं गेला असता तर सामना कदाचित तिथंच हातातून गेला असता. मिशिगन जादा वेळेत 27–20 नं जिंकलं आणि आठवड्यानं अजिंक्यपदही मिळवलं. पण त्या दोन पोरांचे चेहरे मला विजयापेक्षा जास्त आठवतात. एक लाखाच्या आसपास लोक बघत असताना विशीतला पोरगा एकटा त्या चेंडूखाली उभा असतो. त्याला शिव्या देणाऱ्यांनी एकदा, एकदाच, तिथं उभं राहून बघावं.

मंगळवारी बैठक झाली. आक्रमणाचे कोच म्हणाले, दहा नंबर माझा मुख्य रिसीव्हर आहे, पास झेलणारा, त्याला पंटवर मार खायला लावू नका. बचावाच्या कोचना सव्वीस नंबर दमायला नको होता. कोणीतरी सुचवलं, समोरचे त्यांच्या गोलरेषेजवळून मारत असतील तेव्हा दहा नंबर, बाकीच्या वेळी सव्वीस. पुष्कळ संघ असं करतात. मुख्य कोचनी माझ्याकडं बघितलं. मी बोलणार नव्हतो, पण बोललो. म्हटलं, दोघांत वाटू नका. ज्याला माहीत असतं की आपल्याला फक्त धोक्याच्या चेंडूला पाठवतात, तो चेंडूबरोबर भीतीही झेलतो. सगळे पंट एकालाच द्या, साधेही आणि कठीणही, म्हणजे त्याला हात मोकळे करायला मिळतील. आणि तो एक सव्वीस नंबर असावा.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मुख्य कोच म्हणाले, ठीक आहे, पहिले तीन सामने सव्वीस.

दहा नंबरला हे मी सांगावं असं कोचना वाटलं, वही माझी म्हणून. मला ते जड गेलं. शेवटचं वर्ष आहे त्याचं. वही त्याच्यापुढं उघडली, दुसरा रकाना दाखवला. त्यानं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं, एका ठिकाणी म्हणाला, "हा वाऱ्यानं नेला होता, सर." मी म्हटलं, हो, नेला होता, आणि खोडून बरोबरची खूण केली. तेवढं त्याला पुरेसं नव्हतं हे मला कळत होतं. काल बघतो तर सरावाला तो पंट अडवणाऱ्या फळीत, गनरला कडेला रोखायला आपणहून उभा. सव्वीस नंबरच्या वाटेवरचा पहिला माणूस तोच असणार आता.

शनिवारी पहिला सामना. समोरच्यांचा पंटर डाव्या पायाचा आहे आणि आमच्याकडं डाव्या पायानं मारणारं कोणीच नाही. चेंडू उलटा फिरतो, उलट्या बाजूला वाहतो, आणि सवय नसली की शेवटच्या क्षणी हाताबाहेर जातो. म्हणून आज सराव संपल्यावर यंत्राची चाकं बदलून उलट फिरकी लावली. मी चेंडू भरत होतो. पहिले चार सव्वीस नंबरच्या डाव्या-उजव्या बाजूला पडले, एक सुटला. तो काही बोलला नाही, प्रत्येक वेळी जाऊन चेंडू उचलून आणायचा, नाकाकडून धरून हातात फिरवायचा आणि परत रेषेवर टाचा लावायचा. नंतर नंतर जमायला लागलं. मैदानाचे दिवे आमच्यासाठी कोणी लावत नाही, म्हणून अंधार पडेपर्यंतच. शेवटचे तीन मला दिसलेही नाहीत, फक्त ऐकू आले, आणि आवाज झाला नाही.

तू पोरांना टेनिसचा चेंडू ओला करून झेलायला लावायचास ना, एक डोळा बांधून? ते नेमकं कसं करायचास, किती अंतरावरून, ते सविस्तर लिही. पावसाचे दिवस आले की त्याच्याकडून करून घ्यायचं आहे. आणि तुझ्या कीपरचं काय ठरलं तेही कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
लाँगऑनवाला