ती कॅसेट ताणलेली नव्हती

ठाणे, रविवार रात्र

प्रिय नंद्या,

फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला अडवतोस, म्हणून पत्र. निदान चार पानं तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

बातमी अशी आहे की ती कॅसेट ताणलेली नव्हती.

कुठली, ते तुला सांगायला नको. मास्तरनं मुंबईहून भरून आणलेली, बी साइडला माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा बँड. भर दुपारी तू माझा टू-इन-वन उघडून बसलास, स्पिरिटनं हेड पुसलंस, रोलर पुसलास, पेन्सिल घालून टेप घट्ट केलीस, तरी सूर आपले डुलतायत ते डुलतायतच. मग निकाल दिलास, "टेप ताणलीय, फेकून दे." मी म्हणालो, अरे त्यानं वाजवलंयच असं. तू म्हणालास, असं बेसूर कोण मुद्दाम वाजवतंय? त्यावरून एवढं भांडलो की मेस बंद झाली आणि मटणाचा दिवस हुकला. त्या मटणाचा राग तू अजून काढतोस.

तर काल धोबी तलावला गेलो होतो. तिथे भिंतीवर स्क्वायरची, म्हणजे फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची, जॅझमास्टर गिटार टांगलेली, क्लासिक व्हाइब मालिकेतली. दुकानातल्या पोरानं काढून दिली. मी ट्रेमोलोची दांडी, तारांचा सूर खालीवर करणारी, तळहातात धरली आणि न सोडता तशीच धरून कॉर्ड छेडत राहिलो. हात खालीवर होतो तशी दांडीही जराशी दबते, जराशी सुटते. आणि लेका, ॲम्पमधून आपली कॅसेट वाजायला लागली! तसाच डुलता सूर. त्या बँडचा गिटारवाला केव्हिन शील्ड्स हेच करत होता. दांडी सैल बसवायची, वर उचलून ठेवायची आणि मुठीत धरूनच स्ट्रम करायचं. टेपचा काही संबंध नाही. तुझ्या स्पिरिटचा तर नाहीच नाही.

हे मी शुभाला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं." मुलाला सांगितलं तर त्यानं मोबाइलवरून मान वर केली आणि परत खाली घातली. म्हणून तुला लिहितोय.

प्रकृतीचं म्हणशील तर बीपी गोळीवर, शुगर काठावर, डाव्या हाताची अनामिका सकाळी आखडते, डॉक्टर त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बाकी ठीक.

आता मुद्दा. गिटार घ्यायचीय. घरून पन्नास हजारांपर्यंत मंजुरी आहे. (कशी मिळवली ते भेटल्यावर सांगेन, त्यात सोफ्याचा बळी गेलाय.) घेणार ती ऑफसेटच, म्हणजे जॅझमास्टरसारखी तिरक्या कमरेची, हेही नक्की. तू लगेच "स्ट्रॅट घे", म्हणजे फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर, म्हणणार हे मला माहीत आहे, म्हणून आधी तुझ्या स्ट्रॅटचा हिशोब चुकता करतो.

थर्ड इयरचं गॅदरिंग आठव. तुझ्या त्या उसन्या स्ट्रॅट-कॉपीची पहिली तार मुखड्यातच तुटली, तशी तरंगती ट्रेमोलो मागे ओढली गेली आणि उरलेल्या पाचही तारा सुरातून गेल्या. तू तसंच रेटत राहिलास आणि खाली उतरल्यावर म्हणालास, की अव्याच खालच्या पट्टीत गात होता. मूळ फेंडर जॅझमास्टरच्या टेलपीसवर, म्हणजे तारांची मागची टोकं अडकतात तिथे, एक छोटं बटण असतं. ते नीट लावलेलं असलं आणि तार तुटली, की ते सरकवायचं. ट्रेमोलो जागेवर थांबते आणि बाकीच्या तारा सुरात राहतात. म्हणजे आपली इज्जत वाचवण्याची सोय लिओ फेंडरनं आपल्या जन्माच्या कितीतरी आधी करून ठेवली होती.

ही गिटार त्यानं १९५८ साली काढली ती खास जॅझवाल्यांसाठी, नावच तसं. जॅझवाले बसून वाजवतात, म्हणून बॉडीच्या कमरेच्या दोन्ही खाचा समोरासमोर न ठेवता मागेपुढे सरकवल्या, मांडीवर नीट बसावी म्हणून. जॅझवाल्यांनी मात्र तिच्याकडे फारसं ढुंकून पाहिलं नाही. उचलली ती कॅलिफोर्नियातल्या सर्फ बँडवाल्या पोरांनी. १९८० पर्यंत उत्पादनच बंद पडलं. मग तिकडच्या जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळायला लागली आणि ज्यांच्या खिशात स्ट्रॅटचे पैसे नव्हते त्यांनी घेतली. सॉनिक यूथची मंडळी, डायनॉसोर ज्युनियरचा जे मॅस्किस. म्हणजे हा सगळा आवाज निघाला तो तुझी लाडकी स्ट्रॅट परवडत नव्हती म्हणून! आणि बसून वाजवायचं म्हणशील तर आता आपण तरी कुठे उभे राहतोय.

आता माझं डोकं कुठे अडकलंय ते ऐक.

शुभाचं म्हणणं, बोट आखडतं ना, मग लहान गिटार घे. मुद्दा बरोबर आहे, हेच तर वाईट. फेंडरच्याच मस्टँग गिटारची तार २४ इंची, जॅझमास्टरची साडेपंचवीस. मिलिमीटरमध्ये ६१० आणि ६४८. सूर तोच, तार तीच, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे मस्टँगवर तो साधारण ११ टक्क्यांनी उतरतो. शिवाय फ्रेट जवळजवळ, बोटं कमी ताणावी लागतात. स्क्वायरची सॉनिक मस्टँग या सगळ्यांत स्वस्त. ब्रिज (तारा टेकतात तो) पक्का, दांडी नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. क्लासिक व्हाइबला तिच्या दुपटीहून जास्त पैसे पडतात. मी तीही वाजवून पाहिली. पाचव्या फ्रेटवरचा बारे कॉर्ड (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायच्या), जो हल्ली मी टाळतो, तो आपोआप लागला. शहाण्या माणसानं तिथेच पैसे मोजले असते.

पण दांडी नाही रे.

मग फेंडरचीच जॅग्वार आली डोक्यात. १९६२ ची, लांबी मस्टँगची आणि ट्रेमोलो जॅझमास्टरची, म्हणजे बोट आणि कॅसेट दोन्ही सुटले असं वाटेल. आवाज मात्र वेगळा. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे) अरुंद, भोवती धातूची दातेरी पट्टी, त्यामुळे सूर टोकदार आणि कोरडा. खाली तीन सरकबटणं, त्यातलं एक नुसता खर्ज कापायला. मी ते लावलं तर शेजारी युकुलेले बघणाऱ्या बाई दुसऱ्या काउंटरला गेल्या. आणि खरी गोम वेगळीच आहे. जॅझमास्टरला ब्रिजचा जो त्रास आहे तोच हिला, वर तारांचा ताण कमी, म्हणजे त्रास जास्त.

तो ब्रिज तुला समजावून सांगतो, हा तुझा प्रांत आहे. ब्रिज बॉडीला स्क्रूनं आवळलेला नसतो. दोन पायांवर, दोन धातूच्या टोपणांत नुसता उभा असतो. दांडी दाबली की तारांबरोबर तोही किंचित पुढे-मागे झुलतो आणि परत येतो. कल्पना झकास. पण टेलपीस फार मागे, त्यामुळे ब्रिजवरून तार खाली वळते ती अगदी नावापुरती. कोन कमी म्हणून सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावर, दाब कमी. १९५८ ला लोक दोरखंडासारख्या जाड तारा लावायचे, तेव्हा चालून गेलं. आजच्या ०९ किंवा १० नंबरच्या बारीक तारा लावून जोरात हाणलंस, तर सहावी तार सॅडलच्या खाचेतून बाहेर पडते किंवा काहीतरी झिणझिणत राहतं. इतक्यासाठी जगभर लोक ब्रिजच बदलून टाकतात.

स्वस्त मालिकेत यावर प्रत्येकानं आपापला तोडगा काढलाय. स्क्वायरच्या ॲफिनिटी मालिकेतल्या जॅझमास्टरला त्यांनी सरळ स्ट्रॅटसारखी ट्रेमोलो बसवली. तक्रार मिटली आणि गिटारही मिटली. दिसायला जॅझमास्टर, वागायला तुझी स्ट्रॅट. तू कुणाच्या लग्नात भेट द्यायची असेल तर ती दे. जे मॅस्किसच्या नावाची एक आहे, २०११ पासूनची, पांढरी, त्यावर सोनेरी पत्रा. तिला वेगळ्या धर्तीचा ब्रिज आहे, त्यात तार जागा सोडत नाही. दिसतेही देखणी. पण पिकअप जाड आवाजाकडे झुकलेले, मूळ जॅझमास्टरच्या रुंद, चपट्या गुंडाळीचा तो हवेशीर, ओलसर सूर नाही, आणि माझ्या बजेटच्या काठावर. शिवाय दुसऱ्याची सही असलेली गिटार घ्यायची म्हणजे कसं तरीच वाटतं. ऑफसेट टेलिकास्टर म्हणून आणखी एक प्रकार आहे, तिरकी बॉडी, टेलिचे पिकअप, पक्का ब्रिज. अतिशय समंजस गिटार. आपल्या बारक्यासारखी. बारक्याशी कधी भांडण तरी झालं का आपलं?

म्हणजे फिरून परत क्लासिक व्हाइबवरच. सॅडलच्या खाचा जरा बऱ्या केल्यात त्यांनी, पण कोन तोच जुना. काल वाजवताना ब्रिज आणि टेलपीसमधल्या तारांवर चुकून बोट गेलं. एवढ्या लांब तारा तिथे नुसत्या पडलेल्या, आणि पुढे वाजवलं की त्याही आपल्याआपण बोलतात, सतारीच्या तरफांसारख्या. सॉनिक यूथवाले तिथे मुद्दाम वाजवायचे. लिओच्या डोक्यातही नसेल ते.

एक गंमत सांगायची राहिली. वाजवता वाजवता वरच्या शिंगाजवळचं एक छोटं बटण माझ्या मनगटानं सरकलं आणि आवाज एकदम गोधडीत गेला. खालचा वॉल्यूम फिरवला, काही नाही. टोन फिरवला, काही नाही. पिकअपचा स्विच पाडला, ढिम्म. पोरगा घाबरला. "सर, पीसमध्ये फॉल्ट दिसतोय, दुसरा काढतो." मी म्हटलं, थांब. वरच्या बटणानं गळ्याकडचा पिकअप वेगळ्या वाटेनं जातो, त्याला शेजारीच स्वतःचा वॉल्यूम आणि टोन, त्या दोन चकत्या, आणि खालचं सगळं तेवढ्यापुरतं मुकं होतं. जॅझवाल्यांना साथीसाठी मऊ आवाज हवा म्हणून दिलेली सोय. पोरगा म्हणाला, "सर, तुम्ही शिकवता का?" काय सांगू तुला, एवढ्यावरच मी गिटार घेणार होतो.

पण घेतली नाही. बसमध्ये बसून ताणाचं गणित परत केलं. जॅझमास्टरला ११ च्या तारा लावल्या तर ब्रिज जागेवर बसेल, पण ताण १० च्या तारांपेक्षा २१ टक्क्यांनी चढेल आणि बोट बोंबलेल. १० च्या लावल्या तर बोट खूश, ब्रिज नाखूश. अर्धा सूर उतरवून ११ लावाव्यात का? तेवढ्यानं ११ टक्के परत मिळतात. मग मस्टँगचाच हिशोब झाला, फक्त गाणारा खालच्या पट्टीत हवा. तो तर आपल्याकडे कायमच होता, तुझ्याच शब्दांत.

तुझं काय चाललंय? ते धातू कापायचं नवं मशीन, व्हीएमसी, आलं का, की बँकवाले अजून कागदच मागतायत? वहिनींचा गुडघा? थोरलीला पुण्यात ॲडमिशन मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर तिथेच घाल, आपण काय मोठे दिवे लावले पुण्याशिवाय. पंचगंगेचं पाणी यंदा कुठवर आलंय ते कळव, टीव्हीवर राजाराम बंधारा दाखवतात आणि तुझा फोन लागत नाही. काकूंना नमस्कार. मास्तर भेटला तर त्याला कॅसेटचं मी सांगणार आहे, तू सांगू नकोस.

आणि एक काम. ब्रिजवरचा तो कोन वाढवायला नेक, म्हणजे गिटारची मान, बसते त्या खोबणीत पाचर घालतात. मूळ फेंडरमध्येही कारखान्यातूनच घालून यायच्या. लोक व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा एका टोकाला सारतात, पण मग मधे पोकळी राहते आणि तू ते बघून मला उभा जाळशील. पूर्ण खोबणी भरणारी हवी, उतरती, अर्ध्या अंशाची. रुंदी ५६ मिलिमीटर, लांबी ७६, ब्रिजकडच्या टोकाला जाडी ०.६६ आणि दुसऱ्या टोकाला कागदाइतकी. एवढ्यानं नेक मागे कलते आणि ब्रिज दोनेक मिलिमीटर वर घेता येतो, म्हणजे १० च्या तारांवरही दाब पडेल. मेपलची फळी असेल तर मेपल, नाहीतर जे कडक आणि सरळ रेषांचं असेल ते. कडा दोन-दोन मिलिमीटर जास्त ठेव, मी इथे घासून बसवीन. स्क्रूची भोकं पाडू नकोस, तीही इथेच पाडतो. शनिवारच्या आत कुरिअरला टाकलीस तर बरं.

तुझा,
अव्या