आमच्या पाखाड्या टिकल्या, त्याबद्दल मनापासून आभार

मॅडम, सर आणि तुमच्यासोबत यायची ती दोघं, आमच्या गावच्या पाखाड्यांचा आराखडा करणाऱ्या तुमच्या फर्मच्या चौघांनाही नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणून झालं पण समाधान नाही झालं, आणि आपल्या गावातल्या लोकांना, मुंबईकरांनाही नीट कळायला हवं की तुम्ही नक्की काय केलंत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

राजापूर तालुक्यातलं आमचं गाव म्हणजे सगळा चढउतार, घरं वरखाली, त्यामुळे वाडीतून वाडीत जायचं तर पाखाडीनेच, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या पायवाटेने. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, बाजूला गडगा म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत, पावसाचं पाणी कडेने पऱ्याला, म्हणजे ओढ्याला जातं. या सगळ्यावर काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी ज्यांनी आराखडा केला ते कधी वाडीत उतरलेच नाहीत, कागद तयार होऊन आला आणि आम्ही सह्या करायच्या एवढंच. तुम्ही मात्र आधी कागद काढलाच नाहीत, आधी चाललात, भर मे महिन्यात, वरच्या वाडीपासून खाली खाडीपर्यंत.

ती देवळातली मीटिंग मी विसरणार नाही. सभामंडपात रांगोळीने गावाचा नकाशा काढायला लावलात, पुरुषांचा वेगळा आणि आम्हा बायकांचा वेगळा. त्यांच्या नकाशात रस्ता, देऊळ, शाळा, एसटीचा स्टॉप, आणि आमच्यात विहीर, कपडे धुवायचा कातळ, रात्री जिथे काळोख असतो ते वळण, पावसात डोक्यावर भारा घेऊन उतरताना पाय सरकतो त्या पायऱ्या. मॅडम, तुम्ही दोन्ही नकाशे शेजारी ठेवलेत आणि काहीच बोलला नाहीत, आमचे पुरुषच वाकून वाकून बघायला लागले. पहिला लाईटचा खांब त्या वळणावर बसला तो त्या दिवसामुळे, हे मी कोणालाही सांगेन.

आणि सर, तुमची ती पाण्याची कळशी. शाळेसमोरच्या ब्लॉकवर अर्धी ओतलीत ते पाणी सरळ गेटपर्यंत धावलं, उरलेली पाखाडीवर ओतलीत तर सांध्यातून जिरून गेलं, खाली ओल तेवढी राहिली. बाजूला उभी असलेली पोरं पण गप्प झाली. पण जांभ्याला पण शेवाळ धरतं, दर पावसाळ्यात खरवडायला माणूस लागणार, हे तुम्ही लपवलं नाहीत, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला असं मला वाटतं. आमच्या गवंडीकाकांना तुम्ही शेजारी बसवून विचारलंत, खाणीतून काढलेला चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, ओला असताना नरम असतो, तासून घ्यायचा तो तेव्हाच, मग हवेला कडक होतो, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि तुम्ही वहीत लिहून घेतलंत. आयुष्यात पहिल्यांदा कोणी इंजिनिअर माणसाने त्यांचं ऐकून लिहून घेतलं. काका अजून सांगत असतात.

पैशाचं पण सांगते कारण लोकांना वाटतं अशी कामं म्हणजे हौस. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला, ४० टक्के अबंधित म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी, हे आम्हाला तुम्ही समजावलंत, मग विहिरीची दुरुस्ती कशात आणि पाखाडी कशात ते ग्रामसभेत आम्हीच ठरवलं. इस्टिमेटमध्ये जांभ्याच्या पायऱ्या बसवायला किती हेलपाटे घातलेत ते मी बघितलंय. गणपतीत चाकरमानी आल्यावर परत मीटिंग, वर दादरला मुंबई मंडळाच्या लोकांसमोर रविवारी वेगळी मीटिंग, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरची भांडणं मिटलीच नसती.

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळ-पठारावर कोरलेल्या चित्रांचं तर वेगळंच. गुरं चारणाऱ्यांना ती माहीत होती, बाकी कोणी लक्ष देत नव्हतं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, त्यात आपल्याच तालुक्यातलं कशेळी, बारसू, देवीहसोळ आहे, हे ऐकून पोरं लगेच रील काढायला धावणार होती. तुमच्यातल्या त्या मुलीने त्यांना थांबवलं, ओरडून नाही, सकाळी उन्हं तिरपी असताना सोबत नेऊन. खाचेत सावली पडली आणि आख्खा मासा दिसला, खडूने रेघ भरायची गरजच नाही. आधी भोवती गडगा घाला, मग जागा कळवा, असं तिने सांगितलं आणि पोरांनी श्रमदानाने गडगा घातला. तीच मुलगी आमच्या आजेसासूबाईंजवळ पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत सोलत झऱ्यांची, कोंडांची नावं रेकॉर्ड करून गेली. आजी गेल्या पावसाळ्यात गेल्या. ते रेकॉर्डिंग तुम्ही पेन ड्राईव्हवर आठवणीने पाठवलंत, घरातल्या सगळ्यांनी बसून ऐकलं. याचे आभार कसे मानायचे मला खरंच कळत नाही.

तुमची फर्म छोटी, गाडी पण भाड्याची असायची, आणि आमच्या गावाने दिलेले पैसे फार नव्हते हे आम्हाला माहितीये. तरी अहवाल मराठीत दिलात, प्रत ग्रामपंचायतीत ठेवलीत, पोरं येऊन वाचतात.

आता एक विचारायचं होतं. खाडीपलीकडच्या गावचे सरपंच तुमचा नंबर मागतायत, त्यांच्याकडे पण पाखाडी उखडायचं चाललंय. देऊ ना? आणि शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा चौघंही या, मुक्काम आमच्याकडेच.