बूट नेलेस, पिस्तूल राहिलं

केळशी,
सोमवार, रात्र

चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.

'पोचले' एवढा एकच शब्द आईच्या मोबाइलवर आला. आत्याकडे उतरलीस की थेट हॉस्टेलवर गेलीस, काही कळलं नाही. इथे तीन दिवस पाऊस उघडलेला नाही. वाडीत पाऊल घालवत नाही, म्हणून आज फडताळातल्या माईच्या गोधड्यांना वास लागलाय का ते बघायला काढल्या, आणि त्यांच्यामागे तुझ्या एअर पिस्तुलाची केस सापडली.

मी ती उघडली. तुला न विचारता उघडली, पण या दिवसांतली आपली हवा तुला ठाऊक आहे. चपलांना बुरशी येते, खाऱ्या वाऱ्याने कडीकोयंडे गंजतात. आत बघितलं तर पिस्तूल लख्ख पुसलेलं, हवेचा सिलिंडर काढून त्याच्या खाचेत ठेवलेला, नळीत ती रिकामी असल्याची खूण म्हणून घालतात ती केशरी दोरी. विसरून राहिलेली वस्तू अशी नसते. मग तुझे नेमबाजीचे बूट शोधले. खाटेखाली नाहीत, पडवीत नाहीत. म्हणजे बूट नेलेस आणि पिस्तूल ठेवलंस. का, ते मी विचारणार नाही. विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो आहे.

फोनवर तू 'हो बाबा' म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच संपतं, म्हणून हे पत्र.

आधी माझं चुकलं ते. स्पर्धेच्या दिवशी नेमबाजीच्या रेंजच्या दारातून तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातातली पिशवी घ्यायच्या आधी मी म्हणालो, "शेवटी एवढी घाई का केलीस?" आईने माझ्याकडे बघितलं तेव्हा लक्षात आलं, पण तोवर शब्द गेला होता. पंचाहत्तर मिनिटं एका हातावर किलोभर वजन पुन्हा पुन्हा उचलून आलेल्या मुलीला बापाने पहिलं वाक्य हे बोलायचं नसतं. दोन दिवस तू घरी होतीस आणि मला ते परत घेता आलं नाही. रविवारी जेवताना पुन्हा 'पुढच्या वेळी' म्हणून सुरुवात केली आणि तू आमटीभात तसाच टाकून उठलीस.

तू दिलेला स्कोअरचा कागद माझ्याकडे आहे. दहा-दहा शॉटांच्या सहा सिरीज. ९४, ९५, ९३. मग ८४, ८७, ८८. एकूण ५४१. तू फक्त शेवटचा आकडा बघतेस. मी पहिले तीन बघतो. त्याच चालीने साठ शॉट गेले असते तर ५६४ होते. म्हणजे त्या दिवशी हात तुझाच होता, डोळा तुझाच होता, अर्धा वेळ तरी नक्की.

चौथ्या सिरीजमधला चौथा शॉट. मी मागे खुर्चीत बसलो होतो. हात वर गेला आणि खाली येईना. मी मनात मोजत होतो, दहा, अकरा, बारा. तूच मला मागच्या मे महिन्यात ओटीवर बसून समजावलं होतंस की आठ-दहा सेकंदांच्या पुढे हात धरला की श्वास अडतो, डोळा नळीच्या टोकावरच्या फ्रंट साइटवरून सुटतो, आणि मग माणूस सोडायचं म्हणून सोडतो, ट्रिगरला झटका बसतो. चौदा मोजलं आणि शॉट गेला. दहापैकी चार. खाली डावीकडे. त्यानंतरचे दोन तू किती भराभर मारलेस! आठ, सात. जणू त्या चाराला कुणी बघायच्या आत झाकून टाकायचं होतं. एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट मिळतं, आणि तुझी मॅच संपली तेव्हा घड्याळात बावीस मिनिटं शिल्लक होती. ती बावीस मिनिटं मला अजून दिसतात.

हात खाली आणायचा ग. पिस्तूल टेबलावर ठेवायचं, पाणी प्यायचं, पुन्हा उचलायचं. उचललेला प्रत्येक शॉट सोडलाच पाहिजे असा नियम कुठे आहे? चार पडला तर पडला, तो चार तिथे राहू दे. पुढच्या शॉटला त्याची भरपाई करायला गेलं की...

बघ, पुन्हा तेच करायला लागलो. हे तुझे सर तुला माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं सांगत असतील. मी नारळ-सुपारीवाला माणूस, बटणाएवढ्या साडेअकरा मिलिमीटरच्या दहा गुणांच्या वर्तुळावर दहा मीटरवरून नेम धरणं काय असतं ते मला कळणार नाही. माफ कर.

मनू भाकरचं उदाहरण तुला सगळ्यांनी देऊन झालं असेल. पण एक गोष्ट मला काल पेपरांची जुनी कात्रणं चाळताना लक्षात आली. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचं पिस्तूल मध्येच बिघडलं, वेळ गेला, ती ५७५वर बारावी आली आणि फायनल हुकली. पॅरिसला २०२४ साली ती पात्रता फेरीत ५८०वर तिसरी आली आणि पुढे ब्राँझ मिळवलं. पाचच गुण, पोरी. साठ शॉटांत पाच. तीन वर्षं ती त्या पाच गुणांसाठी रोज उभी राहिली असेल. तुझे तर तेवढे एका शॉटला आणि त्यानंतरच्या घाईला गेले.

केसच्या वरच्या कप्प्यात तुझी डायरीही होती. आतलं वाचलं नाही. फक्त शेवटचं पान बघितलं. स्पर्धेची तारीख, रेंजचं नाव, लेन नंबर, आणि खाली कोरं. शाळेतल्या चाचणीचासुद्धा शॉट न् शॉट लिहिणारी तू, इथे एक ओळ नाही. पिस्तूल ठेवलंस यापेक्षा मला हे कोरं पान जास्त लागलं. खरं तर दोन्ही सारखीच लागली. रात्री झोप लागत नाही.

कारण हे असं गप्प होणं माझं आहे. तू ते माझ्याकडून घेतलं आहेस. निसर्ग वादळ आलं, ३ जून २०२०, तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. दुपारी दोन-तीन तासांत तात्यांच्या हातची वाडी आडवी झाली. दुसऱ्या दिवसापासून मी ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. वीज नाही, फोन नाही, दादा तिकडे बोटीवर, त्याला काही कळवता येईना. आई जेवायला हाक मारायची आणि मी ओ द्यायचो नाही. तलाठी पंचनाम्याला येणार म्हणून कुणीतरी झाडं मोजायला हवी होती. तू गणिताची वही घेऊन एकटी वाडीत शिरलीस. दोन दिवस चिखलातून हिंडून पोफळ न् पोफळ लिहिलीस. नुसती 'पडली' नाही लिहिलीस. कुठली मुळासकट उपटली, कुठली मध्यावर मोडली, कुठल्या रांगेत वारा कुठून शिरला. ती वही माझ्या उशाशी ठेवून म्हणालीस, "बाबा, विहिरीकडच्या एकोणीस उभ्या आहेत." तेव्हा मी उठलो.

त्या वहीवरूनच मी नवी लागण केली. कुंपणाकडे आधी वाऱ्याला आडोसा केला, मग आत रोपं लावली. यंदा त्यातल्या काहींना पहिली पोय, फुलांचा तुरा, आली आहे. तुला दाखवायची होती. तू वाडीत गेलीच नाहीस.

तुझी बेचकी आठवते? वानरं शहाळी खाली टाकायची आणि तू नेम धरायचीस तो शेजारच्या झावळीवर. माई म्हणायची मारुतीची आहेत, लागायला नको. सात वर्षांच्या मुलीचा खडा दर वेळी झावळीलाच लागायचा, वानराला एकदाही नाही. तात्या ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी कधी तुझ्यासमोर सांगितलं नाही. अभिमान तोंडावर बोलून दाखवायची आपल्या घरात रीत नाही, आणि ही रीत चांगली नाही असं मला आता वाटतं.

पैशाचं मनात आणू नकोस. आई त्या दिवशी स्वयंपाकघरात जे बोलली ते दादाच्या त्या प्रकरणाबद्दल होतं, पिस्तुलाबद्दल नाही. तू दारात उभी होतीस हे तिला नंतर कळलं आणि ती रडली. पिस्तुलाचे पैसे मी आणि दादाने मिळून दिले, ते तुला दिले, मेडलला नाही. ते सोडायचं ठरवलं असशील तरी तो हिशेब आमचा आहे.

सोडायचं ठरवलं आहेस का? बघ, विचारलंच.

सोडलंस तर चालेल. हे लिहायला मला अर्धा तास लागला, पण लिहितोय ते खरं आहे. फक्त त्या चाराच्या तोंडावर सोडू नकोस. आधी ते पान भर, दोन ओळी का होईना, मग काय ते ठरव. आणि खोलीत एकटी भिंतीकडे तोंड करून पडू नकोस, आत्याकडे जा. तुला काही विचारायचं नाही असं मी तिला सांगितलं आहे.

गणपतीला येणार नाही म्हणालीस. नऊ दिवस राहिलेत. आई गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान काढताना तुझं नाव घेत नाही, आणि ती नाव घेत नाही तेव्हा मला जास्त काळजी वाटते.

केस मी पुसून, आत सिलिकाच्या नव्या पुड्या घालून पुन्हा फडताळात ठेवली आहे. सिलिंडरला हात लावलेला नाही, तेलही कुठे लावलेलं नाही, तू सांगितलं होतंस तसं. डायरी वेगळी काढून कोरड्या कपड्यात गुंडाळली. शुक्रवारी रात्रीच्या दापोली-पुणे गाडीचं एक तिकीट काढलं आहे. आत्याला शहाळी आणि कोकमं पोचवायचीच आहेत. सोबत केस आणायची की नुसती डायरी, तेवढं गुरुवारपर्यंत कळव. फोन नको असेल तर आईला मेसेज कर, एक शब्द पुरे.

तुझे,
बाबा