सहा जुनी मशीन उठवून देणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

मागच्या आठवड्यात लॅबमधलं शेवटचं जुनं मशीन बंद केलं आणि तुमचीच आठवण आली. तेव्हा फोनवर नुसतं थँक्यू म्हणून ठेवून दिलं होतं, ते मनात राहिलंय.

२०१२ ची दिवाळीची सुट्टी. शाळेला १४ जुने पीसी मिळालेले, हार्डडिस्क एकातही नाही, म्हणून एलटीएसपी (बिनडिस्कची मशीन एका सर्व्हरवरून चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून सर्व्हरवरूनच बूट, म्हणजे सुरू, करायचं ठरवलं. आठ पहिल्याच दिवशी उठली. बाकीची सहा काही केल्या उठेनात, स्क्रीनवर नुसते ठिपके वाढत जायचे, मी केबल बदलल्या, स्विच बदलला, चार दिवस त्यातच गेले. तुमची माझी ओळख म्हणजे मेव्हण्याचे मित्र एवढीच, त्यात तुम्ही पुण्यात नाइट शिफ्टला, तरी रात्री साडेअकराला फोन उचललात आणि पहिलं वाक्य काय, तर "सर, लॉगमध्ये काय आलंय ते जसंच्या तसं वाचा." चार दिवसांत मी लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो ती नोंदवही, उघडलाच नव्हता!

वाचलं. बूटरिक्वेस्ट, आणि शेवटी नो डायनॅमिक लीजेस, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता द्यायचा पत्ता नाही. तुम्ही लगेच म्हणालात, ही नेटवर्क कार्डं डीएचसीपी (मशीनला आपोआप आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्यायची पद्धत) मागतच नाहीयेत, त्याआधीची बूटपी मागतायत, १९८५ चा प्रोटोकॉल, त्यात लीज हा प्रकारच नाही, मग सर्व्हर साध्या रेंजमधून आयपी देणार कसा. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पत्त्यांच्या रेंजच्या ओळीत डायनॅमिक-बूटपी लिहिलं असतं तरी भागलं असतं, पण तसा दिलेला पत्ता त्या मशीनकडेच अडकून राहतो, म्हणून तुम्ही सहा वेगळ्या होस्ट एंट्री, म्हणजे प्रत्येक मशीनची स्वतंत्र नोंद, करायला लावल्यात, लॉगमधूनच प्रत्येक कार्डाचा स्वतःचा नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस उचलून प्रत्येकाला फिक्स्ड आयपी.

आयपी मिळाला तरी गाडी अडलीच, कारण मी सगळ्यांना पीएक्सईलिनक्सचीच बूट फाइल देत होतो आणि या कार्डांवरच्या जुन्या रॉमला (बूट सुरू करणाऱ्या चिपला) लागते एनबीआय इमेज, म्हणजे वेगळ्या प्रकारची बूट फाइल. मग ती इफची अट, व्हेंडर क्लासची (कार्ड स्वतःची ओळख म्हणून पाठवतं त्या मजकुराची) पहिली नऊ अक्षरं पीएक्सईक्लायंट (PXEClient) असतील तर एक फाइल, नाहीतर दुसरी. तुम्ही एकेक कंस सांगत होतात, मी टाइप करत होतो, मध्येच तुमच्या ऑफिसचं काम यायचं तर "होल्ड करा सर" म्हणून परत यायचात. पावणेदोनला पहिल्या मशीनवर लॉगिन स्क्रीन आली.

आमच्या पोरांनी मराठी टायपिंग त्याच सहा मशीनवर शिकलंय दादा, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आणि आता काहीही अडलं की मी केबलला हात लावायच्या आधी लॉग उघडतो, पोरांनाही तेच शिकवतो. मनापासून आभार. इकडे आलात की घरी जेवायलाच या.

तुमचा,
लॅबवाला सर